बाजूचा खिळा

सुधाकर नामदेवराव झाडे यांचं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी साडेआठच्या सुमारास सेवाग्रामच्या रुग्णालयात निधन झालं. ते त्रेसष्ट वर्षांचे होते. वर्धा स्टेशनसमोरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या स्टँडवर त्यांनी अडतीस वर्षं गाडी चालवली. त्यातली बरीच वर्षं ते तिथल्या चालक संघटनेचे सचिव होते. मला फोन आला तो त्याच स्टँडवरच्या गजानन राऊत यांचा. "अरुणभाऊ, सुधाकरदादा गेले," ते म्हणाले. फोन कट झाला असं वाटून मी ठेवणार, तेवढ्यात पुन्हा आवाज आला. "मीच नेलतं त्याईले." गजानन आणि सुधाकरभाऊ सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते, हे स्टँडवर सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि त्याचं कारणही माहीत होतं. त्या कारणात माझा भाग होता, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमची ओळख पाकिटांमुळे झाली. मी तेव्हा सेलूहून एका नागपूरच्या दैनिकाला बातम्या पाठवायचो. फॅक्स तालुक्याला पोचायचा होता. दुपारी तीनपर्यंत हाताने लिहिलेले कागद खाकी पाकिटात घालायचे, वर्ध्याला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे द्यायचे, त्याने ते स्टेशनवर आमच्या माणसाला द्यायचे आणि तिथून ते गाडीने नागपूरला जायचे, अशी व्यवस्था होती. सेलू–वर्धा करणारे टॅक्सीवाले बरेच होते. कोणी पाकीट सीटखाली विसरायचा, कोणी रस्त्यात कुणाच्या हाती द्यायचा. सुधाकर झाडे पाकीट डोक्यावरच्या सावलीच्या झापडीत खोचायचे आणि स्टेशनवर आमचा माणूस भेटला नाही तर स्वतः फलाटावर जाऊन गार्डच्या डब्यात द्यायचे. चार वर्षांत एक पाकीट हरवलं नाही. एकदा मी विचारलं, उघडून वाचता का हो कधी? ते म्हणाले, "वाचून काय करू? उद्या छापूनच येते ना. अन् तुमी लिवता ते अक्षर मुंगीलेही लागत नाई." पुढे फॅक्स आला, मग संगणक आला, मी बदली होऊन वर्ध्याच्या कार्यालयात गेलो. पाकिटं संपली, पण स्टेशनवर उतरलं की त्यांच्याकडे जाऊन पाच मिनिटं उभं राहायची सवय राहिली.

स्टँडवर कडुनिंबाखाली एक लाकडी पाटी आहे. दारासारखी उभी, हिरव्या रंगाची, तिच्यावर दोन रांगांत खिळे. प्रत्येक गाडीचा एक पत्र्याचा बिल्ला असतो आणि त्यावर गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे रंगवलेले असतात. गाडी स्टँडवर आली की चालक आपला बिल्ला शेवटच्या खिळ्यावर लावतो. पहिल्या खिळ्यावरची गाडी भाडं घेऊन निघाली की सगळे बिल्ले हाताने एकेक खिळा पुढे सरकवायचे. पहिल्या खिळ्यावर ज्याचा बिल्ला, पुढचं भाडं त्याचं, मग ते सेलूचं असो, पुलगावचं असो की दोन गल्ल्यांपलीकडचं. त्याला निवड नाही. लांबचं भाडं मागच्याला मिळालं म्हणून कुरकुर करायची नाही आणि जवळचं आपल्या वाट्याला आलं म्हणून तोंड फिरवायचं नाही. हा कायदा कोणी छापलेला नव्हता. परवान्यावर एवढंच लिहिलेलं असतं की सबळ कारणाशिवाय भाडं नाकारू नये. स्टँडने त्या एका वाक्याची पाटी केली होती.

पाटीच्या उजव्या कडेला, रांगेच्या बाहेर, एक खिळा एकटा आहे. तो तांबड्या रंगाने रंगवलेला आहे. पेशंट घेऊन सेवाग्रामला जाणारी गाडी आपला बिल्ला या खिळ्यावर लावून जाते. पेशंट आला तर नंबर बघायचा नाही. जी गाडी सगळ्यांत जवळ उभी असेल ती न्यायची. परत आल्यावर तो बिल्ला शेवटी जात नाही, सरळ पहिल्या खिळ्यावर येतो. म्हणजे पेशंटला नेलं म्हणून कोणाचा नंबर जात नाही. हा खिळा सुधाकरभाऊंनी ठोकला होता. का ठोकला, हे मला फार उशिरा कळलं.

अ‍ॅपवरच्या गाड्या वर्ध्यात आधी नागपूरहून आल्या. विमानतळावरून किंवा नागपूरच्या हॉटेलातून कोणाला तरी घेऊन यायच्या आणि रिकामं परतण्यापेक्षा स्टेशनवरून जे मिळेल ते घेऊन जायच्या. मग इथल्याच पोरांनी गाड्या घेतल्या. सुधाकरभाऊंच्या मुलाने, प्रशांतनेही घेतली. पांढरी, वातानुकूलित, कर्जावर. वडिलांची काळी-पिवळी चालवायला त्याने नकार दिला होता, आणि सुधाकरभाऊंना त्याचा राग नव्हता. "त्याची गोष्ट खोटी नाई," ते मला म्हणाले होते. "मेडिकलच्या पोरी आमच्या गाडीत बसाले भेतात. त्याच्या गाडीत बसल्या तर त्याईच्या घरी फोनवर दिसते गाडी कुठं गेली ते. भाडं आधीच माहीत. आमच्याकडं पहिले घासाघीस, मंग सीटा भरेलोक अर्धा घंटा बसा. मी पोरगी असतो तं मीही तीच गाडी बोलावली असती." यावर गजानन म्हणाले, "दादा, तुमी पोरगी असते तं वर्ध्यात एकही अ‍ॅपवाला थांबला नसता." सगळे हसले. सुधाकरभाऊही हसले.

हसणं फार दिवस टिकलं नाही. स्टँडच्या तोंडाशीच अ‍ॅपच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. पहिल्या खिळ्यावरचा माणूस दोन-दोन तास तिथेच, आणि त्याच्या डोळ्यांदेखत लोक बॅगा घेऊन पलीकडे चालत जायचे. एकदा चालकांनी एक पांढरी गाडी अडवली. आत दोन प्रवासी बसलेले होते. गाडी प्रशांतची होती. कोणीतरी सुधाकरभाऊंना बोलावून आणलं. मी तिथे होतो, रेल्वेच्या एका बातमीसाठी गेलो होतो. सुधाकरभाऊंनी आधी प्रवाशांना हात जोडले. मग खिडकीशी वाकून मुलाला म्हणाले, "तुह्या गाडीचा इथं नंबर नाई. यायले सोडून ये. पुढच्या टायमाले रोडच्या पलीकडून पॅसेंजर घेजो."

"बाबा, बुकिंग स्टेशनचंच हाय. मी काय करू?"

"मले काऊन इचारतं? बुकिंग देणाऱ्याले इचार."

"तो कुठं भेटते?"

सुधाकरभाऊ खिडकीपासून बाजूला झाले. गाडी जाऊ दिली. नंतर मला म्हणाले, पोरगं बरोबर बोललं... माझ्या पाटीवर भांडायचं तर मी इथं उभा आहे, त्याच्या पाटीवर भांडायचं तर जायचं कुठं? अ‍ॅप आणि टॅक्सी या विषयावर मी नंतर बरीच कागदपत्रं वाचली. प्रश्न एवढ्या थोडक्या शब्दांत कुठे मांडलेला आढळला नाही.

अ‍ॅपच्या गाड्यांसाठी नियम करायचं ठरलं, आणि त्यासोबत स्टेशनसमोरची जागा कोणाला किती हेही ठरायचं होतं. त्यासाठी समिती नेमली गेली आणि हरकती मागवल्या गेल्या. संघटनेच्या बैठकीत बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, की या गाड्या बंद करा. सुधाकरभाऊंनी ते अर्जात लिहू दिलं नाही. बंद काही होत नसतं, ते म्हणाले, आपण होईल ते मागू. त्यांनी एकच मागणी लिहिली. परवान्यावर जे वाक्य आमच्यासाठी आहे ते त्यांच्यासाठीही असावं. भाडं नाकारता येऊ नये. फोन नसलेल्या माणसालाही गाडी मिळावी. ही अट सगळ्यांना लागू केली तर स्टेशनची जागा वाटून घ्यायला संघटनेची हरकत नाही. अर्ज त्यांनी माझ्याकडे आणून दाखवला. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. अर्ज चांगला होता. जागा राहील असं मलाही वाटलं.

सुनावणी हिवाळ्यात झाली. एका मोठ्या सभागृहात, टेबलावर पांढरी चादर. सुधाकरभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि पाटीवरचा एक बिल्ला नमुना म्हणून सोबत आणला होता. त्यांचं बोलणं समितीला पटत होतं, हे दिसत होतं. अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या स्टँडवर भाडं नाकारलंच जात नाही, असं तुमचं म्हणणं आहे?" उत्तर सोपं होतं. हो म्हणायचं होतं. गजानन त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होते, ते मोठ्याने "हो साहेब" म्हणालेही. सुधाकरभाऊ म्हणाले, "नाई साहेब. नाकारलं हाय. मीच नाकारलं हाय." आणि मग पाचेक मिनिटं बोलले.

मी सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी बातमी दिली. दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर आली. मथळा होता : 'होय, आम्हीही भाडं नाकारलं' – टॅक्सीचालकांच्या नेत्याची कबुली. मथळा डेस्कचा होता. पण कबुली बातमीच्या पहिल्या वाक्यात मी घातली होती, कारण बातमी तीच होती. नंतरची पाच मिनिटं शेवटच्या परिच्छेदात होती. जागा कमी पडली आणि शेवटचा परिच्छेद गेला. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, हे मला तीस वर्षं माहीत होतं.

समितीच्या पुढच्या बैठकीत अ‍ॅप कंपनीच्या वकिलांकडे ते कात्रण होतं. जे स्वतः पाळत नाहीत ते दुसऱ्यावर लादायला निघाले आहेत, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर मुद्दा चुकीचा नव्हता. नाकारण्याबाबतची अट पुढच्या विचारासाठी ठेवली गेली. अंतिम निर्णय होईपर्यंत स्टेशनसमोरची अर्धी जागा अ‍ॅपच्या गाड्यांना देण्यात आली. रांगेत बारा गाड्या उभ्या राहायच्या, आता सहा. उरलेल्यांना मालधक्क्याच्या भिंतीशी थांबावं लागतं आणि तिथून पाटी दिसत नाही. स्टँडवर सुधाकरभाऊंना तोंडावर कोणी फार बोललं नाही, बोलले ते गजानन. "दादा, तोंड उघडाले कोणी सांगतलं होतं? मी हो म्हटलं होतं ना!" सुधाकरभाऊ म्हणाले, "तू हो म्हटलं. इचारलं होतं मले." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. महिनाभरात सुधाकरभाऊंनी सचिवपद सोडलं. गाडी घरी, सिंदी मेघेत, आंब्याखाली झाकून ठेवली. बिल्ला मात्र, ४११७, पाटीमागच्या डब्यात राहिला.

त्यानंतर ते एकदा माझ्याकडे आले. कात्रण खिशात होतं. मला वाटलं रागावतील. ते बसले, पाणी प्यायले, कात्रण टेबलावर ठेवून तळहाताने सरळ केलं.

"लिवलं ते खरं हाय," ते म्हणाले. "पण अर्धं हाय."

मी काय झालं ते सांगितलं. परिच्छेद, जागा, डेस्क. म्हटलं, पुरवणीत सविस्तर लिहितो, पूर्ण.

"लिवजा. घाई नाई." मग जरा वेळाने, "मुंगीच्या अक्षरात लिवलं असन तुमी... दिसलंच नसन त्याईले." आणि चहा घेऊन गेले. मी लिहिलं नाही. निवडणूक आली, पाऊस आला, काही ना काही येत गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वहीत त्या दिवशीची टिपणं आहेत. कापलेला भाग असा.

वीसेक वर्षांपूर्वी दुपारच्या पॅसेंजरने एक बाई उतरली. सोबत म्हातारी सासू, तिला धड उभं राहता येत नव्हतं. त्या पहिल्या गाडीपाशी आल्या आणि सेवाग्रामला चला म्हणाल्या. पहिल्या खिळ्यावर सुधाकर झाडे होते. सेलूच्या सीटा भरत आल्या होत्या, एकच बाकी होती. सेवाग्रामला गेलं असतं तर बसलेली माणसं उतरवावी लागली असती आणि नंबर जाऊन बिल्ला पार शेवटी गेला असता. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, मागच्या गाडीले इचारा. मागच्याने सांगितलं, नंबर पुढच्याचा आहे. त्याच्या मागच्याने आणखी मागे पाठवलं. असं करत ती बाई सासूला धरून पूर्ण रांग चालली. "एकानंही नाई म्हटलं नाई साहेब," सुधाकरभाऊ समितीला सांगत होते, "सगळ्यायनं नियम पाळला. अन् बाई शेवटच्या गाडीपास येऊन उभी राह्यली." शेवटी तिने सायकलरिक्षा केली. पुढे त्या म्हातारीचं काय झालं, ते त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी दोन दिवसांनी रुग्णालयात जाऊन विचारायचा प्रयत्न केला, पण नाव माहीत नव्हतं आणि गावही माहीत नव्हतं. आठवडाभराने त्यांनी पाटीच्या कडेला खिळा ठोकला. पहिले काही महिने लोक कुरकुरले, परत आलेली गाडी पुढे घुसते म्हणून. मग रुळले. तेव्हापासून त्या स्टँडवरून पेशंट परत गेलेला नाही. "म्हून सांगून राह्यलो," ते समितीला म्हणाले होते, "नियम असला तरी माणूस वाट काढते. मी काढली. तर नियमच नाई तिथं काय होईल? अन् त्या मशीनले मागाहून खिळा कोण ठोकन?" हे शेवटचं वाक्य टिपणात दोनदा अधोरेखित आहे. छापलेल्या बातमीत ते आलंच नव्हतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळचं मी नंतर सुधाकरभाऊंच्या पत्नी शालूवहिनी आणि गजानन, दोघांकडून स्वतंत्रपणे विचारून घेतलं. सातच्या पुढे सुधाकरभाऊंना छातीत दुखू लागलं. प्रशांत नागपूरला भाडं घेऊन गेला होता. रुग्णवाहिकेला फोन केला, ती निघाली होती, पण आर्वी रस्त्याकडून यायची होती. शेजारच्या मुलीने अ‍ॅपवर पाहिलं, जवळपास गाडी दाखवत नव्हती. सणाची सकाळ होती. शालूवहिनींनी स्टँडवर फोन लावला. फोन उचलला तो गजानन यांनी. त्यांचा बिल्ला दुसऱ्या खिळ्यावर होता. पहिल्या खिळ्यावरच्या चालकाने किल्ली काढेपर्यंत गजानन निघालेले होते, कारण त्यांची गाडी फाटकाजवळ होती. दहा मिनिटांत ते सिंदी मेघेत पोचले. सुधाकरभाऊ स्वतः चालत गाडीत बसले, पुढच्या सीटवर. मागे शालूवहिनी. रस्त्यात फार बोलणं झालं नाही. बजाज चौक ओलांडल्यावर सुधाकरभाऊंनी विचारलं, "गजा, बिल्ला लावला का बाजूले?"

"लावला दादा."

"मंग हळू चाल. नंबर जात नाई तुहा."

बिल्ला लावलेला नव्हता. घाईत ते पाटीकडे गेलेच नव्हते. सात महिन्यांनंतर दोघांचं झालेलं बोलणं एवढंच. आत नेल्यावर अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. दुपारी गजानन स्टँडवर परतले तेव्हा त्यांचा बिल्ला पहिल्या खिळ्यावर होता. कोणी लावला ते त्यांनी विचारलं नाही, मीही शोधलं नाही. त्या दिवशी त्यांनी भाडं घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत पहिला खिळा अडलेला राहिला आणि कोणी सरकवायला सांगितलं नाही.

चालक गेला की त्याचा बिल्ला घरच्यांना द्यायचा, अशी तिथली रीत आहे. तेराव्यानंतर गजानन ४११७ घेऊन सिंदी मेघेला गेले. शालूवहिनींनी तो हातात घेतला, पदराने पुसला आणि परत दिला. "घरी काय करू याचं? इथं खिळा नाई," त्या म्हणाल्या. प्रशांत दारात उभा होता.

नियमांचा अंतिम मसुदा अजून आलेला नाही. नाकारण्याबाबतच्या अटीवर निर्णय झालेला नाही. स्टेशनसमोरची विभागणी आहे तशीच आहे, डावीकडे सहा काळ्या-पिवळ्या, उजवीकडे अ‍ॅपच्या गाड्या, मध्ये पिवळा पट्टा.

गेल्या गुरुवारी दुपारी मी स्टँडवर गेलो. पहिल्या सहा खिळ्यांवर सहा बिल्ले होते आणि त्यांच्या सहाही गाड्या समोर उभ्या होत्या. तरीही बाजूच्या तांबड्या खिळ्यावर एक बिल्ला होता. ४११७. मी गजाननकडे पाहिलं. ते म्हणाले, कारंज्याकडची एक बाई आली होती, नवऱ्याला घेऊन, फाईल हातात. पट्ट्यापलीकडची गाडी सगळ्यांत जवळ होती. "त्यानं मोबाईल बंद केला अन् बसवलं त्याईले. जाताना मले म्हणे, काका, बाबाचा बिल्ला लावून ठेवा." मी थांबलो. पावणेतीनला प्रशांतची पांढरी गाडी परत आली. गजानन उठले, सहाही बिल्ले एकेक खिळा मागे सरकवले आणि ४११७ पहिल्या खिळ्यावर लावला.